कोरडा सांडवा

बोरी नदीच्या पात्रातून, वेड्या बाभळी चुकवत नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यांखाली पोचलो. दोन्ही कोरडे. वरचं बोरी धरण भरून वाहिलंच नव्हतं. 'नदी अडवून मारली,' असं मनात आलं.

पण हे धबधबे तरी कुठे निसर्गाचे? दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये बंधारा घातला, त्याच्या पोटात पाणीमहाल केला. हे त्याचेच सांडवे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी अडवलेली नदी मला देखणी वाटते, आत्ता अडवलेली खुपते. पुण्यात खडकवासल्याचं पाणी पिताना मुठेसाठी मी कधी हळहळलो नाही.

दगडावर बसून बाटली उघडली. सकाळी ती नळदुर्गातल्याच एका नळावर भरून घेतली होती.