वाचले खरे, पण वाचले कोणी?

।। श्री गुरुदेव दत्त ।।

तीन वर्षांपूर्वीच्या सप्ताहातली गोष्ट आहे. दुसऱ्या दिवसाचे वाचन संपवून पोथीला नमस्कार केला आणि उठलो. सौ.ने सहज विचारले, "आज कुठवर झालं?" मी अध्यायाचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे जीभ कापून वाहिलेल्या मुलाची कथा आली असेल आज." मी गप्प. ती कथा सतराव्या अध्यायात आहे, आणि तो अध्याय तासाभरापूर्वी मी मोठ्याने, एकही अक्षर न गाळता वाचला होता. पण वाचल्याची आठवण म्हणून काही शिल्लक नव्हती. आठवत होते ते एवढेच, की मधे केव्हातरी भावाबरोबरच्या जागेच्या वादाचा मी मनात जबाब तयार करीत होतो, आणि जबाब फार चांगला जमला होता.

गंमत पाहा, की तो अध्याय आहे नेमका अभ्यास न येणाऱ्या मुलाचा. करवीरच्या ब्राह्मणाचा पोरका मुलगा, काही केल्या पाठ होत नाही, लोक हिणवतात. तो भिलवडीला भुवनेश्वरीपुढे धरणे धरून बसतो, अखेर जीभ कापून देवीच्या पायी ठेवतो. देवी त्याला पैलतीरी औदुंबराखाली गुरूंकडे पाठवते, आणि गुरुकृपेने त्याला जीभही मिळते, विद्याही मिळते. त्याच्याकडे जीभ नव्हती, पण सगळे चित्त गुरूंपाशी होते. माझी जीभ शाबूत होती, चित्त जागेच्या वादात. मग पारायण केले ते कोणी? जिभेने केलेले माझ्या नावावर जमा करायचे का?

मी बँकेत सदतीस वर्षे कारकुनी केली, म्हणून हे जमा-नावे डोक्यातून जात नाही. तशी जमा धरायची की नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला आहे.

त्याच सुमारास नातू दहावीत होता. पुस्तकभर पिवळ्या मार्करच्या रेघा, तीनतीनदा वाचन, आणि चाचणीत मार्क कमी. मी आजोबा म्हणून दोन शब्द ऐकवायला गेलो, "लक्ष देऊन वाचत जा." तो हुशार, म्हणाला, "आजोबा, तुम्ही जन्मभर नोटा मोजल्यात. सांगा बघू, शंभराच्या जुन्या नोटेच्या मागे कसलं चित्र होतं?" मी ठासून सांगितले, "संसद भवन." चूक. ते पन्नासच्या नोटेवर होते. शंभराच्या नोटेवर होते कांचनजंगा शिखर. १९९६ पासून ती नोट माझ्या हातातून किती वेळा गेली असेल याचा हिशेब नको. बोटांना तिची जाडी ठाऊक होती, खोटी नोट हाताला लागली तर अंगठा थांबायचा. पण डोळ्यांपुढून रोज जाणारा एवढा मोठा डोंगर मी पाहिलाच नव्हता.

पुढे वाचनात आले, की हा माझ्या एकट्याचा वेंधळेपणा नव्हे. अमेरिकेत १९७९ साली निकर्सन आणि अॅडम्स या दोघांनी लोकांना त्यांच्याच नेहमीच्या एक सेंटच्या नाण्याचे चित्र काढायला सांगितले. जन्मभर खिशात बाळगलेले नाणे, पण कोणत्या बाजूला काय, हे बहुतेकांना धड सांगता येईना. पुष्कळ वेळा समोरून गेले म्हणजे लक्षात राहतेच असे नाही. आपण नाणे खर्चापुरते ओळखतो, तेवढेच आत जाते.

आता भान म्हणजे काय, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला कळले ते आमच्या लेजरवरून. कॉम्प्युटर येण्यापूर्वी महिनाअखेरीला खात्यांचे बॅलन्सिंग असायचे. बेरीज जुळेना की रात्रीचे नऊ-दहा वाजायचे. फरकाला नऊने भाग गेला की समजायचे, आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत. पण ज्याने चूक लिहिली त्यालाच ती सापडायची नाही! तो दहादा त्या ओळीवरून जाई आणि दहादा त्याला ५४ च दिसे, कारण तो कागद वाचत नव्हता, मनातले वाचत होता. म्हणून एकाने व्हाउचर मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने लेजरमध्ये टिक करायची. दुसरा माणूस बसला की चूक पाच मिनिटांत हाती लागे.

इथे नाथमहाराजांची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! आमच्या शाखेत ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी कोणीतरी सांगायचाच, चहा मागवण्याआधी. कीर्तनात या गोष्टीचे तात्पर्य वैराग्याकडे जाते, ते बरोबरच. पण जनार्दनस्वामींनी त्या हिशेबाला क्षुल्लक म्हटलेले नाही. जे चित्त एका पैवर रात्रभर टिकते, तेच पुढे दत्तप्रभूंवर टिकेल, हे त्यांनी ओळखले असावे. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरती पुढे याच नाथांनी लिहिली. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांच्या टीकेत अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यांतला एक बाण करणारा कारागीर, बाणाचे टोक सरळ करण्यात असा गढला की वाजतगाजत राजाची स्वारी जवळून गेली तरी त्याला पत्ता नाही.

पण खरे सांगतो, त्या कारागिरासारखे होणे आपल्याला साधत नाही. माझे मन दर दोन ओव्यांना राजाच्या स्वारीमागे जाते. मात्र एक लक्षात आले. मन गेले हे ज्याला कळते, तो गेलेला नसतो. जीभ वाचीत होती, मन वादात होते, आणि हे दोन्ही नंतर ज्याच्या ध्यानात आले तो तिसरा कोणी होता. वेदान्तात त्याला साक्षी म्हणतात. बँकेत तो शेजारी बसून टिक करणारा. मला वाटते, अभ्यासात काय किंवा पारायणात काय, या तिसऱ्याला वेळेवर हाक मारणे एवढेच आपल्या हाती आहे.

ती हाक कशी मारायची? पुस्तक मिटून. अमेरिकेतच २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. आणि गंमत म्हणजे स्वतःविषयी जास्त खात्री होती ती नुसते वाचणाऱ्यांना! माझ्यासारखीच. आपल्या वैदिकांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. जटापाठात दोन पदे सरळ, मग उलटी, मग पुन्हा सरळ म्हणायची असतात. अशात मन भटकले की जीभ अडखळलीच.

नातवाला मी एवढेच सांगितले, की एक पान झाले की पुस्तक मीट आणि मला सांग. पहिल्या दिवशी इतिहासाचे पान अर्ध्यावर अडले, तेव्हा तो चिडला, म्हणाला, वाचताना तर सगळं येत होतं. महिनाभर आम्ही दोघे संध्याकाळी बसत होतो. पुढे मार्क वाढले, पण ते श्रेय मी घेत नाही, त्याने क्लासही बदलला होता.

इथपर्यंत माझा हिशेब जुळला होता. फरक राहिला तो आईचा.

आई रोज दिवेलागणीला करुणात्रिपदी म्हणायची. टेंबेस्वामींची ती तिन्ही पदे तिला माहेरापासून पाठ. पण कशी म्हणायची? तांदूळ निवडत, मधेच "दूध बघ रे, उतू जाईल" असे ओरडत. मी नवा नवा बी.कॉम. झालेलो, शिंगे फुटलेली. एकदा म्हटले, "आई, तुझं लक्ष कुठंय यात? देव काय नुसत्या आवाजाला भुलतो?" ती रागावली नाही. म्हणाली, "लक्ष येईल तेव्हा येईल. तोवर तोंड तरी चालू दे."

शेवटची दोन वर्षे तिची आठवण गेली. मुलांची नावे गेली, घर गेले. मला ती 'दादा' म्हणू लागली, म्हणजे तिचा थोरला भाऊ. रोज सकाळी मी कोण ते सांगायचो, दुपारी पुसलेले. गुरुचरित्रात त्या सात रेषा ओलांडलेल्या पतिताची कथा आहे. गुरुकृपेने त्याला मागचे सात जन्म आठवतात, तो वेद म्हणतो. पुढे अंगावरचे भस्म स्नानाने धुतले जाते आणि सगळे ज्ञान जाते. आईला न्हाऊ घालताना मला ती कथा आठवायची आणि पुढे विचार करवत नसे.

पण देवापाशी दिवा लावला की ती करुणात्रिपदी सुरू करायची. तिन्ही पदे. एक शब्द चुकत नव्हता. मी शेजारी बसून मनात टिक करायचो, फरक शून्य.

डॉक्टर म्हणाले, सवयीची आठवण मेंदूत निराळ्या जागी असते, ती पुष्कळदा शेवटी जाते. असेल. म्हणजे ज्याला मी बिनलक्षाचे म्हणून हसलो, तेच तिच्यापाशी राहिले, आणि लक्ष देऊन वाढवलेला मुलगा पुसला गेला. मनाची समजूत मी अशी घालतो, की पाठ करताना, आठ-दहा वर्षांची असताना, माहेरच्या ओसरीवर तिने जीव ओतून ते शब्द आत घेतले असतील, तीच ठेव पुढे व्याज देत राहिली. पण ही झाली माझी कारकुनी समजूत. दिव्यापुढे म्हणताना ती कुठे होती, हे मला बाहेरून कसे कळणार? चाळीस वर्षांपूर्वीसुद्धा ते मला कुठे कळत होते? तरी मी निवाडा देऊन मोकळा झालो होतो. तेव्हा माफी मागायची राहिली. नंतर मागितली, ती तिने दादाला दिली.

हल्ली सप्ताहात प्रत्येक अध्याय झाला की पोथीवर हात ठेवून डोळे मिटतो आणि काय वाचले ते स्वतःला साध्या बोलीत सांगतो. वेळ दीडपट लागतो, नैवेद्य गार होतो म्हणून सौ. कुरकुरते. ज्यांना हे जमण्यासारखे आहे त्यांनी या दत्तजयंतीला करून पाहावे. ज्यांना जमत नाही त्यांना मी आता काही म्हणत नाही.

संध्याकाळी करुणात्रिपदी मात्र आईसारखीच म्हणतो, म्हणजे होते तशी. परवा दुसऱ्या पदात मन लाइट बिलात गेलेले सापडले. पुन्हा पहिल्यापासून म्हणावे की तसेच पुढे जावे, याचा विचार करीत होतो, तोवर तोंड तिसऱ्या पदात पोचले होते.