मुक्काम पोस्ट सवय

आमच्या एका जुन्या साहेबांनी माझ्या रजेच्या अर्जावर शेरा मारला होता, 'ॲज इज हिज वोंट.' मी पडलो बी. कॉम. मला वाटलं, साहेब अपॉस्ट्रॉफी विसरले, 'हा काही ऐकायचा नाही' असं त्यांना म्हणायचं असेल. पंधरा वर्षं तो शेरा मी अभिमानाने सांगत होतो. परवा मुलीच्या डिक्शनरीत कळलं, 'वोंट' म्हणजे सवय!

मूळ शोधत गेलो तर आणखीच गंमत. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'वुनियन' असं क्रियापद होतं. (युनियन नव्हे. बँकवाल्यांनी पुन्हा वाचावं.) त्याचे अर्थ दोन : राहणं आणि सवय असणं. इंग्रजांचं त्यातलं राहणं पुढे गळालं, सवय तेवढी उरली. जर्मन चिकट. त्यांनी दोन्ही सांभाळली. 'वोनेन' म्हणजे राहणं, 'गेवोन्ट' म्हणजे सवयीचं. लॅटिनमधून आलेले 'हॅबिट' आणि 'इनहॅबिट' हेही एकाच बिऱ्हाडातले. 'ड्वेल'ची कथा तर निराळीच. आधी अर्थ वाट चुकवणं, मग रेंगाळणं, शेवटी राहणं. म्हणजे वाट चुकलेला गडी रेंगाळला आणि तिथेच संसार थाटून बसला. आम्ही डोंबिवलीकर झालो ते याहून वेगळ्या रीतीने नव्हे.

ग्रीकांनी तर कहर केला. त्यांचा 'एथॉस' म्हणजे मुळात जनावरांची नेहमीची जागा. मग चाल-रीत, मग स्वभाव, आणि त्यावरून 'एथिक्स'. नीतिशास्त्र निघालं गोठ्यातून! ॲरिस्टॉटल म्हणून गेलाय, सद्गुण जन्मजात नसतात, सवयीने अंगी येतात. इथे माझी पंचाईत झाली.

गेल्या मार्चमधली गोष्ट. एका गृहस्थांनी पाचशेच्या शंभर नोटा भरायला दिल्या. निघाल्या एकशेचार. ''काका, चार जास्त आहेत,'' तोंडातून निघूनही गेलं. नोटा त्यांच्या खिशात गेल्यावर मला सुचलं, अरे, दोन हजार! आता हा प्रामाणिकपणा कोणाचा? माझा, की माझ्या बोटांचा? मोह यायच्या आधीच काम उरकलं, तर मोह जिंकला असं कसं म्हणायचं?

हिला विचारलं. म्हणाली, ''मी रोजचा चहा सवयीने करते, म्हणून तो चहा नाही का?''

मी सुखावलो. पण दोनच दिवस. मग आमच्या खिडकीवर येणाऱ्या एक आजी आठवल्या. हात कापतो, त्यामुळे सही जुळत नाही. ''सही जुळत नाही, उद्या या,'' हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं, तिन्ही वेळा मान वर न करता. तेही बोटांनीच केलं म्हणायचं का? ती सवयही याच घरात राहते, त्याच पंख्याखाली. एकीचं श्रेय घ्यायचं तर दुसरीचं भाडंही मलाच भरायला हवं.

परवा आजी पुन्हा आल्या. 'उद्या' म्हणायला तोंड उघडलं, आणि मध्येच थांबून म्हणालो, ''बसा आजी, अंगठ्याचं काय करायचं ते साहेबांना विचारून येतो.''

अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. शिपाई धावत पाणी घेऊन आला. मलाच.