प्रेक्षकाचे स्मरण

खेळाचा इतिहास हा मुख्यतः खेळाडूंचा आणि निकालांचा इतिहास असतो. गोल कोणी केला, चषक कोणी जिंकला याची नोंद राहते, मात्र ज्यांच्या येण्याने सामना रंगतो त्या प्रेक्षकांची नोंद केवळ एका आकड्यात होते. म्हणूनच एखाद्या शाळेचा फुटबॉलवेडा माजी विद्यार्थी निवर्तला की त्याच्या सोबत्यांपुढे, शोकसभा झाल्यावर, त्याचे स्मरण कोणत्या रूपाने जपावे हा खरा पेच उभा राहतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रवेशापासून दाखला नेईपर्यंतच्या नोंदवहीत, त्याची जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण हे सारे रकाने भरलेले असतात. त्याने आयुष्यभर कशावर जीव टाकला, यासाठी मात्र रकाना नसतो.

मुंबईच्या उपनगरांत फुटबॉलवरच्या या प्रेमासाठी फार किंमत मोजावी लागत असे. १८९१ साली सुरू झालेली आणि २०००-०१ नंतर बंद पडलेली रोव्हर्स चषक फुटबॉल स्पर्धा प्रदीर्घ काळ दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावर रंगत असे, त्यामुळे बोरिवलीच्या चाहत्याला चर्चगेटची आणि मुलुंड-घाटकोपरच्या चाहत्याला व्हीटीची लोकल पकडून, कामावरून लवकर निघण्याची सवलत मागून, सामना गाठावा लागे. क्रिकेट आणि कबड्डीच्या वातावरणात वाढलेल्या मराठी शाळेतल्या मुलाने हा खेळ निवडणे म्हणजे बहुतेक वेळा एकट्याने निवडणे होते, आणि अशा एकट्याने जपलेल्या निष्ठेचे मोल, ती कोणत्याही गुणपत्रिकेत न उमटूनही, कमी मानता येत नाही.

इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक संघांची स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१६ पासून मुंबई सिटीचे सामने अंधेरीच्या क्रीडासंकुलात होऊ लागले, तेव्हा फुटबॉल उपनगराच्या दाराशी आला. तरीही १ जून २०१८ रोजी त्याच मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली, आणि ते पाहायला अवघे २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून, हवे तर शिव्या द्या पण मैदानावर या, अशा आशयाची कळकळीची विनंती केली. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, पाऊस कोसळत असतानाही मैदान भरून गेले आणि भारत ३-० असा जिंकला. या घटनेतला महत्त्वाचा भाग निकाल नव्हे, तर देशाच्या कर्णधाराला प्रेक्षकाकडे जाहीर मागणे मागावे लागले, हा आहे. त्या हाकेपूर्वीच जे २,५६९ जण आले होते, त्यांत असा चाहता बसलेला असतो.

चाहत्यांचे सार्वजनिक स्मरण आपल्याकडे एका ठिकाणी रुजले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, आणि तो दिवस तेथे फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदानाने पाळला जातो. पण ते स्मरण दुर्घटनेमुळे घडले. घरी, अंथरुणावर गेलेल्या चाहत्याच्या वाट्याला असा दिवस येत नाही.

उपनगरांत यावर स्मृतिचषक, म्हणजे दिवंगताच्या नावाने भरवलेली स्पर्धा, हा रूढ उपाय आहे, आणि त्यामागची माया खरी असते. मात्र त्यात पुन्हा खेळाडूच मानकरी ठरतात, आणि ज्याच्या नावाने चषक दिला जातो तो स्वतः कधी मैदानात उतरलेला नसतो. त्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांनी दर हंगामात त्याच शाळेतल्या काही मुलांची तिकिटे काढावीत, त्यांना अंधेरीला सामना पाहायला न्यावे, खेळ कसा वाचायचा, हरलेल्या संघासाठीही शेवटच्या शिटीपर्यंत का थांबायचे हे शेजारी बसून समजावावे, आणि निघण्यापूर्वी त्या मुलांना त्याचे नाव सांगावे.