मापाचे सत्य आणि सत्याचे माप

सत्य बोलणे म्हणजे निःशंक बोलणे, अशी पुष्कळांची समजूत असते. न्यायालयात तिचा प्रत्यय वारंवार येतो. ‘सुमारे’ म्हणणारा साक्षीदार डळमळीत ठरतो आणि छातीठोकपणे आकडा सांगणारा विश्वासू वाटतो. ही समजूत कितपत रास्त आहे, हे आम्ही येथे पाण्यालाच साक्षीस बोलावून पाहू इच्छितो.

प्रयोगशाळेतील काचेच्या चंबूत लिटरभर द्रव खरोखर मावतो काय, हे ठरविण्याची रीत अशी: चंबू कोरडा तोलावा, खुणेपर्यंत शुद्ध पाणी भरून पुन्हा तोलावा आणि पाण्याच्या वस्तुमानास त्याच्या घनतेने भागावे. कृती सोपी, परंतु घनता स्थिर नाही. ४ अंश सेल्सिअसच्या सुमारास लिटरभर पाणी ९९९.९७ ग्रॅम भरते, २० अंशांवर ९९८.२१. तेथे तापमानात एका अंशाची चूक झाली, तर लिटरमागे सुमारे ०.२ ग्रॅमचे अंतर पडते. भोवतालची हवाही पाण्यास किंचित उचलून धरते. तिच्यामुळे तराजूवर आणखी ग्रॅमभर घट दिसते. या साऱ्यांचा हिशेब केला तरी थोडी शंका उरतेच. म्हणून प्रामाणिक प्रमाणपत्रावर आकारमानाशेजारी, ते किती मर्यादेपर्यंत खरे, हेही नोंदलेले असते.

१९०१ साली लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्यावरून केली गेली. तो लिटर घन डेसिमीटरहून दहा लाखांत सुमारे २८ भागांनी मोठा असल्याचे पुढे सूक्ष्म मापनांनी दाखविले आणि १९६४ साली ती व्याख्या रद्द झाली. हे असत्य होते काय? आमच्या मते नव्हे. अंतर कळल्यावर ते झाकणे, हे मात्र असत्य ठरले असते.

यावर कोणी म्हणेल की, ‘सुमारे’ ही लबाडाचीही ढाल असते. आक्षेप खरा आहे. परंतु प्रामाणिक मनुष्य आपल्या शंकेची सीमा आकड्याने सांगतो व तिचे कारण देतो. लबाड ती मोघम ठेवतो. शिवाय मापनातील अनिश्चिततेस आपला-परका कळत नाही. खोट्या मापास तो नेमका कळतो, आणि त्याची तूट नेहमी गिऱ्हाइकाच्याच पदरी पडते.

तेव्हा आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगणे हे सत्यास आलेले उणेपण नव्हे. ते सत्याचेच अंग होय. आणि ते गाळून दिलेली साक्ष, कितीही ठाम असली, तरी अपुरीच राहते.