अनुकरण आणि अपहार

दुसऱ्याच्या घरांतील भांडें उचलून नेणारा चोर, याविषयीं कोणाचेंच दुमत नाहीं. परंतु तेंच भांडें लक्षपूर्वक पाहून तसेंच दुसरें घडविणारास काय म्हणावें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. पहिल्या प्रकारांत भांडें जातें. दुसऱ्यांत तें जागच्या जागीं राहतें, तरीहि आपलें कांहीं तरी गेलें असें मालकास वाटतें. हें ‘कांहीं तरी’ कोणतें आणि त्यावर त्याचा हक्क कितपत, याचा विचार आम्ही एका अगदीं ऐहिक उदाहरणावरून करणार आहों.

तें उदाहरण घरगुती बिअरचें. मद्यपान इष्ट कीं अनिष्ट, हा वाद आम्हीं मुद्दाम बाजूस ठेविला आहे. महाराष्ट्रांत तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून असें पेय करणें हा गुन्हाच ठरतो. तेव्हां वाचकांनीं हें केवळ विचारापुरतें घ्यावें. इंग्लंडांत १८८० पासून घरीं बिअर करणारास परवाना लागे. ती अट १९६३ सालीं निघाली. पुढें १९७८ सालीं डेव्ह लाइन नांवाच्या लेखकानें, बाजारांत मिळतात त्याच बिअर घरीं कशा कराव्या, हें सांगणारें पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत अध्यक्ष कार्टर यांनीं घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि तेथेंहि अशा कृतींचीं पुस्तकें निघालीं.

या नकलेची रीत पाहण्यासारखी आहे. मद्यार्काचें प्रमाण बाटलीवर छापलेलेंच असतें. रंगावरून माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेले जव, किती भाजले असतील हें, आणि कडवटपणावरून हॉप्सच्या फुलांचें प्रमाण अजमावतां येतें. बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील विहिरींच्या पाण्यांत जिप्सम फार. म्हणून तेथल्या बिअरची नक्कल करणारा आपल्या नळाच्या पाण्यांत जिप्सम मिसळतो. कांहीं बाटल्यांच्या तळाशीं तर जिवंत किण्व राहिलेलें असतें. तें वाढवून त्यानेंच घरची बिअर आंबवितां येते.

यावर कारखानदाराचा आक्षेप सहज सुचतो: “आम्हीं वर्षानुवर्षें खपून जें साधलें, तें यानें एका रविवारीं फुकट घ्यावें काय?” कायद्याचें उत्तर असें कीं, नांव व चिन्ह कारखान्याचें, गुपित चोरून नेणेंहि अयोग्य, परंतु उघड विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा करून तें ओळखण्यास बंदी नाहीं. पण कायदा म्हणजे नीति नव्हे. म्हणून आम्ही इतिहासाकडे वळतों.

१८३३ सालीं म्युनिखचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा अँटन ड्रेहर हे दोघे तरुण ब्रिटनमधील बिअरचे कारखाने पाहावयास गेले. यजमान विश्वासानें सर्व दाखवीत असतां ते पोकळ काठीतून गुपचूप नमुने काढून घेत आणि बिऱ्हाडीं त्यांची परीक्षा करीत. पुढें युरोपांतील बिअर या दोघांमुळें सुधारली हें खरें. परंतु फळ गोड निघालें म्हणून ती काठी निर्दोष ठरत नाहीं. दोष ज्ञान मिळविण्यांत नव्हता, विश्वासघातांत होता.

याच झेडलमायरच्या म्युनिखमधील कारखान्यांतून डेन्मार्कच्या याकोबसेननें १८४५ सालीं किण्व नेलें. त्याच्या कार्ल्सबर्ग येथील प्रयोगशाळेंत १८८३ सालीं हान्सेन यानें शुद्ध किण्व वेगळें काढण्याची रीत शोधली, आणि ती गुप्त न ठेवतां इतरांस मोकळी केली. अलीकडे, २०१६ सालीं, स्कॉटलंडमधील ब्रूडॉग या कारखान्यानेंहि आपल्या कृती होऊन प्रसिद्ध केल्या. ज्ञान दिल्यानें देणारा दरिद्री होतोच, असें यावरून तरी दिसत नाहीं.

मग अनुकरण सर्वस्वीं निर्दोष मानावें काय? आमच्या मतें तीन अटींवर. मार्ग उघडा असावा. मूळ कर्त्याचें ऋण मान्य करावें व त्याचें नांव आपल्या मालास लावूं नये. आणि अनुकरण हें शिकण्याचें साधन असावें, मुक्कामाचें ठिकाण नव्हे. यांतील तिसरी अट सर्वांत अवघड. नवशिक्यास स्वतःचें पहिलें कृत्य नेहमींच गोड लागतें. परंतु मूळ बिअरचा पेला शेजारीं ठेविला कीं असा साक्षीदार उभा राहतो, ज्यास लाच देतां येत नाहीं. ही साक्ष काढण्यापुरती नक्कल उपकारक आहे. मात्र जन्मभर त्याच पेल्याशीं ताडून पाहत बसणारास, आपल्या जिभेस काय हवें, हें कधींच कळत नाहीं.

हा प्रश्न दूरदेशींच्या पिंपांपुरता असता, तर आम्हीं तो काढलाच नसता. आम्ही इंग्रजी विद्येवर वाढलेले लोक. आमचा निबंध, आमची कादंबरी, आमच्या सभांचे नियम, सारेंच प्रथम पाहून केलेलें. त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ काढली, तेव्हां सांचा इंग्रजी निबंधाचा होता हें उघड होतें. परंतु विषय, भाषा आणि त्वेष हीं सर्व त्यांचीं होतीं. घेतलें कोठून, हें आमच्यापैकीं पुष्कळांस सांगतां येईल. घेतल्यानंतर त्यांत आपलें काय घातलें, या प्रश्नाचें उत्तर मात्र प्रत्येकानें आपल्यापुरतें द्यावयाचें आहे, आणि तें देण्याचें आपण फार दिवस लांबणीवर टाकलें आहे, असें आम्हांस वाटतें.