मुचलक्याची तीन वर्षे

मोगल अमदानीत ग्वाल्हेरचा किल्ला हा बादशहाच्या नकोशा आप्तांचा तुरुंग होता, हे या शहरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले असते. परंतु शाहजादा मुरादबक्ष याचा अंत तेथे ज्या रीतीने झाला, त्या रीतीकडे न्यायाच्या दृष्टीने जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. गुजरातच्या सुभेदारीवर असताना, १६५७ साली, मुरादने आपला दिवाण अली नकी याला संशयाच्या भरात स्वतःच्या हाताने ठार केले. त्या वेळी त्याला कोणी जाब विचारला नाही. आणि ज्या औरंगजेबाला धाकट्या भावाच्या फौजेची तेव्हा निकड होती, त्याने तर नाहीच नाही. चार वर्षांनी, तख्त निर्वेध हाती आल्यावर, तोच खून दप्तरातून बाहेर काढण्यात आला. अली नकीच्या थोरल्या मुलाने खुनाचा बदला मागण्यास नकार दिला, तेव्हा दुसऱ्याला पुढे करण्यात आले. काझीने रीतसर फैसला दिला. आणि डिसेंबर १६६१ मध्ये किल्ल्यावर मुरादचा वध झाला. गुन्हा खरा होता आणि फैसलाही शास्त्राला धरून होता. अन्याय होता तो मधल्या चार वर्षांत. कारण त्या काळात तो अपराध मिटलाही नव्हता आणि त्याचा निवाडाही झाला नव्हता, तो केवळ एका माणसाच्या सोयीसाठी राखून ठेवलेला होता.

अपराधाचा निवाडा राखून ठेवणे ही गोष्ट स्वभावतः दयेची नाही, तशी क्रौर्याचीही नाही. मुदत, अट आणि शेवट या तीन गोष्टी कायद्याने बांधून दिल्या म्हणजे ती तरुण अपराध्याच्या जन्माचे सार्थक करू शकते. आणि या तिहींपैकी शेवट तेवढा मोकळा सोडला, म्हणजे बाकीच्या दोहोंचा उपयोग उरत नाही. आपल्या प्रचलित कायद्याने मुदत बांधली, अटही बांधली. शेवट मात्र अर्धवट ठेवला, असे माझे मत आहे, आणि ते येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

हा कायदा म्हणजे १९५८चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. फौजदारी न्यायालयांत त्याचा उल्लेख बहुधा शेवटच्या पेशीला, दोष सिद्ध झाल्यावर आणि शिक्षेच्या प्रश्नावर वकील उभे राहिल्यावर होतो. त्याचे कलम ४ असे सांगते की, अपराध मृत्युदंडास किंवा आजन्म कारावासास पात्र नसेल, आणि अपराध्याचे वय, स्वभाव व प्रसंगाचे स्वरूप पाहता न्यायालयास योग्य वाटेल, तर त्याला तत्काळ शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडावे. जास्तीत जास्त तीन वर्षांच्या मुदतीत न्यायालय बोलावील तेव्हा त्याने हजर होऊन शिक्षा स्वीकारावी, आणि तोवर शांततेने राहावे. अपराध्याचा किंवा त्याच्या जामीनदाराचा ठावठिकाणा निश्चित असावा, एवढीच व्यावहारिक अपेक्षा. चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध प्रथमच घडला असेल, तर कलम ३ अन्वये नुसती समज देऊनही सोडता येते. ज्याला नुकसान सोसावे लागले त्याला भरपाई देण्याचा हुकूम कलम ५ खाली करता येतो. परिवीक्षा अधिकारी अपराध्याच्या घराची, संगतीची, रोजगाराची चौकशी करून गोपनीय अहवाल सादर करतो, आणि मुचलक्याच्या मुदतीत त्याच्यावर नजरही ठेवतो.

या कल्पनेचे मूळ न्यायाधीशांच्या बुद्धीत नसून बोस्टनच्या एका चर्मकाराच्या अंतःकरणात होते. जॉन ऑगस्टस याने १८४१ मध्ये तेथील न्यायालयात एका दारुड्याची हमी घेतली, तीन आठवड्यांनी त्याला सुधारलेल्या अवस्थेत परत हजर केले, आणि न्यायाधीशाने त्याला एक सेंट दंड करून सोडून दिले. आपल्याकडे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ५६२च्या रूपाने, या रीतीला जागा मिळाली. तिचा वारसा पुढे १९७३च्या संहितेच्या कलम ३६० मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०१ मध्ये चालत आला आहे.

ग्वाल्हेरला या कायद्याचे जे महत्त्व आहे, ते इतर अनेक शहरांना नसावे. येथून भिंड आणि मुरैना दूर नाहीत, आणि त्या मुलखातील तरुणापुढे प्रतिष्ठेचे म्हणून जे मार्ग आहेत त्यांत फौज आणि पोलीस हे अग्रभागी आहेत. शेताच्या बांधावरून भाऊबंदकी उसळावी, लाठ्या चालाव्यात, ठाण्यात दोन्हीकडच्या माणसांची नावे लिहिली जावीत, आणि त्या यादीत एकोणीस-वीस वर्षांचा, भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणारा पोरगाही असावा, हे चित्र या भागात दुर्मिळ नाही. चंबळच्या घळींत उतरलेल्या बागींच्या, म्हणजे बंडखोर दरोडेखोरांच्या, ज्या कहाण्या येथील वडीलधारे सांगतात, त्यांतील कितींचा तरी आरंभ जमिनीच्या तंट्यातच असतो. मे १९६० मध्ये विनोबांपुढे वीस बागींनी शस्त्रे ठेवली. १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे जयप्रकाशांच्या उपस्थितीत माधोसिंग, मोहरसिंग यांच्या टोळ्यांनी आत्मसमर्पण केले, आणि पुढे मुंगावलीच्या खुल्या कारागृहात त्यांतील कित्येकांनी शिक्षा भोगली. त्या घटनांचा गौरव करावा तेवढा थोडाच आहे. परंतु एवढ्या दीर्घ रक्तपातानंतर सत्पुरुषांना घळींच्या तोंडाशी जावे लागले, त्यापेक्षा पहिल्या मारामारीनंतर तहसिलीच्या गावातील दंडाधिकाऱ्याने कलम ४ उघडले असते तर किती घरे वाचली असती, हा विचार मला अधिक अस्वस्थ करतो.

एकवीस वर्षांखालील अपराध्यासाठी तर कायद्याने न्यायाधीशाचे स्वातंत्र्यही आवळून धरले आहे. अपराध आजन्म कारावासास पात्र नसेल तर अशाला कैदेत धाडूच नये, धाडावयाचे असल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, त्याचा विचार करून, कारणे लेखी नमूद करावीत, असे कलम ६ बजावते. १९६४ मध्ये गुडगावच्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हा अधिनियम दंडनीतीच्या सुधारणेतील मैलाचा दगड मानून त्याचा लाभ अपिलातही देता येतो असे ठरविले. मात्र साठीच्या दशकाच्या आरंभीच सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले होते की, एकवीस वर्षांचे वय मोजावयाचे ते अपराधाच्या दिवशीचे नव्हे, तर न्यायालय शिक्षेचा विचार करते त्या दिवशीचे. कायद्याच्या शब्दांना धरून तो निर्णय बरोबर असेल. पण त्याचा परिणाम पाहा. एकोणिसाव्या वर्षी हातून घडलेल्या अपराधाचा खटला तारखांवर तारखा पडत सहा वर्षे रेंगाळला, तर कलम ६चे कवच गळून पडते आणि आरोपी न्यायाधीशाच्या केवळ इच्छेवर येऊन ठेपतो. न्यायालयाच्या विलंबाची किंमत अशा रीतीने ज्याच्याकडून वसूल होते, त्याने तो विलंब बहुधा केलेलाच नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुचलक्याची तीन वर्षे निष्कलंकपणे पार पाडणारा तरुण दोषसिद्धीपासून सुटतो काय? कायद्याचे काटेकोर उत्तर असे की, सुटत नाही. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता भोगावी लागणार नाही, असे कलम १२ म्हणते. दोषसिद्धी पुसली जाईल असे ते म्हणत नाही. १९९० मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले: शिक्षेऐवजी परिवीक्षा मिळाली म्हणून मूळचे गैरवर्तन नाहीसे होत नाही आणि बडतर्फीही अवैध ठरत नाही.

अमेरिकेतील काही राज्यांची रीत याहून पुढे जाते. कोलोराडोत आरोपी अपराध कबूल करतो, पण न्यायालय त्या कबुलीवर दोषसिद्धीचा शिक्का न मारता गंभीर अपराधात चार वर्षांपर्यंत आणि किरकोळ अपराधात दोन वर्षांपर्यंत थांबते. अटी पाळल्या गेल्या की कबुली मागे घेतली जाते आणि खटला कायमचा खारीज होतो. निवाडाच न झाल्यामुळे तो माणूस दोषी ठरलाच नाही, असे म्हणता येते. ही रीत मला मोहक वाटते, तथापि निर्धास्त वाटत नाही. आधी कबुली, मग सवलत, अशी अट घातली की निरपराध पण घाबरलेला माणूसही खटल्याच्या भीतीने कबुली देऊन बसतो. शिवाय तेथे परदेशी नागरिकांसाठी एक खोल खड्डा आहे. १९९६च्या केंद्रीय कायद्याने स्थलांतरविषयक प्रकरणांत ‘दोषसिद्धी’ची व्याख्या अशी केली की, अपराधाची कबुली दिलेली असली आणि न्यायाधीशाने स्वातंत्र्यावर काहीही निर्बंध घातला असला, म्हणजे राज्याच्या न्यायालयाने निवाडा राखून ठेवला तरी ती दोषसिद्धीच. पुणे-नागपूरहून, आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातूनही, शिकावयास गेलेला विद्यार्थी वकिलाच्या सल्ल्याने अशी सवलत स्वीकारतो, राज्याच्या दृष्टीने निर्दोष राहतो, आणि परदेशीयांच्या खात्याच्या दृष्टीने मात्र दोषी असतो. ज्यांची मुले तिकडे आहेत त्या कुटुंबांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

न्यायालय एक म्हणते आणि सत्ता दुसरेच वागते, याचा धडा ग्वाल्हेरच्या दोन थोर पुरुषांना दीडशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देविल्याचा आरोप आला, तेव्हा १८७५ मध्ये सहा जणांचे चौकशी मंडळ नेमण्यात आले. त्यात आमचे महाराज जयाजीराव शिंदे होते आणि १८५२ ते १८५९ या काळात ग्वाल्हेरची दिवाणगिरी केलेले सर दिनकरराव राजवाडेही होते. तिघा इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला. जयाजीराव, दिनकरराव आणि जयपूरनरेश यांना वाटला नाही. मंडळाची मते समसमान विभागली गेल्यावर सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, आणि जाहीरनाम्यात लिहिले की ही कारवाई चौकशीच्या निष्कर्षावर आधारलेली नसून कारभारातील कुव्यवस्थेमुळे आहे. मल्हाररावांची राजवट वाईट होती याविषयी मला शंका नाही. पण ज्या दोषाची चौकशी झाली तो सिद्ध झाला नाही, आणि परिणाम मात्र दोष सिद्ध झाल्यासारखाच झाला, ही गोष्ट नाकारता येत नाही.

हीच गोष्ट आज पोलीस भरतीच्या दप्तरात लहान प्रमाणावर, पण रोज घडते. मध्य प्रदेश पोलिसांतील नेमणुकांसंबंधीच्या २०१४ आणि २०१८च्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की, खटला आपसातील तडजोडीने मिटलेला असला किंवा आरोपी सुटलेला असला, तरी उमेदवाराचे चारित्र्य योग्य नाही असे छाननी करणारे खाते ठरवू शकते. न्यायालयाचा दृष्टिकोन सदैव इतका कठोर नव्हता: २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराचा विचार करताना न्यायमूर्तींनी ह्यूगोच्या कादंबरीतील ज्याँ वाल्ज्याँचे स्मरण करून तारुण्यातील चुकांकडे क्षमाशील दृष्टीने पाहावे असे म्हटले, आणि २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने किरकोळ अपराधांच्या बाबतीत तारतम्य बाळगण्यास सांगितले. पण तारतम्य खात्याच्या हाती ठेवले की उमेदवार पुन्हा मर्जीच्या अधीन होतो, आणि निवाडा कोणाच्या सोयीसाठी राखून ठेवण्याचा जुना दोष नव्या वेषात परत येतो. हा दोष दूर करावयाचा तर न्यायालयाच्या चौकटीबाहेरच्या कचेऱ्यांना बांधून घ्यावे लागेल.

येथे एका गोष्टीचा गोंधळ टाळला पाहिजे. ग्वाल्हेर खंडपीठाने गेल्या काही वर्षांत जामीन देताना झाडे लावण्याच्या अटी घातल्या, आणि त्यांची वर्तमानपत्रांतून प्रशंसाही झाली. हेतू चांगला आहे. पण जामिनावर असलेला माणूस अजून निरपराध गृहीत धरलेला असतो, आणि निरपराधावर सुधारणेचे कर्तव्य लादणे तर्काला धरून नाही. इंदूर खंडपीठाने २०२० मध्ये विनयभंगाच्या आरोपीला फिर्यादी स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी रद्द केली, कारण पीडितेलाच त्या अटीत ओढले गेले होते. झाडे, समाजसेवा, नुकसानभरपाई, व्यसनापासून परावृत्त होणे, या सर्वांची जागा दोष सिद्ध झाल्यानंतरच्या मुचलक्यात आहे. किंबहुना पीडिताला तेथेच खरा न्याय मिळण्याचा संभव अधिक: ज्याच्या डोक्याला लाठी लागली त्याला आरोपीच्या कैदेतून एक पैही मिळत नाही, कलम ५च्या हुकुमातून औषधोपचाराचा खर्च तरी मिळतो, आणि दोन घरांतील वैर पुढच्या पिढीत जाण्याचे थांबू शकते. अर्थात सर्वच अपराधांना ही वाट नको. बेदरकारपणे वाहन हाकून माणूस मारणाऱ्याला परिवीक्षा देऊ नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०००चा निर्णय मला मान्य आहे.

उपाय फार लांबचा शोधावा लागत नाही. तो आपल्याच कायद्यात, एका वयोगटापुरता, लिहून ठेवलेला आहे. २०१५च्या बालन्याय अधिनियमाचे कलम २४ सांगते की, अठरा वर्षांखालील मुलाला दोषसिद्धीशी जोडलेली अपात्रता भोगावी लागणार नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्या दोषसिद्धीचे कागद नष्ट करावेत. प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरील मुलाचा अपवाद तेवढा ठेवला आहे. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री लाठी उगारलेल्या मुलाचे कागद जाळले जातात आणि दुसऱ्या दिवशी उगारलेल्या मुलाचे कागद आयुष्यभर ठाण्यात राहतात, या भेदाला वयाच्या आकड्याखेरीज कोणता आधार आहे? अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ मध्ये दोन वाक्ये घालावीत: मुचलक्याची मुदत निष्कलंकपणे संपताच न्यायालयाने तसा दाखला द्यावा आणि मिसल बंद करावी, आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य-पडताळणी अर्जात ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय’ असा जो रकाना असतो, त्यात असा दाखला असलेल्या उमेदवाराने ‘नाही’ असे लिहिल्यास ते असत्य कथन समजले जाऊ नये.