दलाली : श्रमाची आणि कपटाची

वसईच्या हिरव्या पट्ट्यात शेती-वाडीचे मोल गुंठ्यावर ठरू लागले आणि त्याबरोबर एक नवा व्यवसाय घरोघरी पोचला : जमिनीची दलाली. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण आज या व्यवसायात आहेत. 'फादर, दलालीचा पैसा पापाचा असतो का?' असे त्यांच्यापैकी काही जण मनापासून विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

दलाली ही स्वतः पाप नव्हे. गिऱ्हाईक शोधणे, सातबारा व फेरफार तपासणे, विखुरलेल्या वारसांना एकत्र आणणे, निबंधक कार्यालयात खेपा घालणे, हे सारे श्रम आहेत. आणि श्रमाला मोबदला हवा. जकातदार योहान बाप्तिस्माकडे आले, तेव्हा त्याने त्यांना धंदा सोडावयास सांगितले नाही. नेमून दिल्यापेक्षा अधिक न घेण्याविषयी बजावले (लूक ३). तेव्हा प्रश्न उरतो तो हा : किती घ्यावे, कोणाकडून घ्यावे आणि कोणाच्या माहितीने घ्यावे?

थोडा हिशेब करून पाहू. ५० लाखांच्या जमिनीवर २ टक्के दलाली म्हणजे १ लाख रुपये. दलालाने आणखी महिनाभर खटपट करून विकणाऱ्याला २ लाख जास्त मिळवून दिले, तर त्याच्या स्वतःच्या पदरी जादा पडतात केवळ ४ हजार. आणि दरम्यान गिऱ्हाईक फिरले तर मूळचा लाखही बुडतो. म्हणून टक्केवारीचा ओढा व्यवहार लवकर उरकण्याकडे असतो. घेणाऱ्याला वाटेचा तंटा किंवा सही न केलेली बहीण यांविषयी सांगावे, तर सौदा मोडण्याची भीती. अशा वेळी गप्प राहण्याचेच पैसे मिळतात. माणूस दुष्ट नसला तरी त्याच्या मोबदल्याची रीत त्याला तिकडे ढकलते.

याहून गंभीर दोन प्रकार आहेत. विकणाऱ्याला ५० सांगून घेणाऱ्याकडून ५५ घ्यावयाचे आणि मधले ५ लाख खिशात घालावयाचे, ही दलाली नव्हे; ही सातव्या व आठव्या आज्ञेची एकदम पायमल्ली आहे. दुसरा प्रकार आपल्या घरातलाच. विधवा काकूला सही करावयास राजी करणारा पुतण्या बिल्डरकडून पाकीट घेतो. काकूला वाटते, मुलगा आपल्या हिताचे सांगतो आहे. येथे विकला जातो तो तिचा विश्वास.

कायद्याने काही कुंपण घातले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रतिनिधीने मालकाच्या नकळत स्वतःसाठी व्यवहार करून लाभ उठवला, तर मालक तो लाभ मागू शकतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील एजंटांना नोंदणी सक्तीची केली. मात्र वाडीतला मोकळा तुकडा विकून देणारा ओळखीचा माणूस या नोंदणीच्या कक्षेत येत नाही. तेथे पहारा सद्सद्विवेकाचा.

आब्राहामाने सारेच्या दफनासाठी जमीन घेतली ती हेथच्या लोकांच्या मध्यस्थीने. पण किंमत, ४०० शेकेल रुपे, नगराच्या वेशीत सर्वांदेखत तोलून दिली गेली (उत्पत्ती २३). आमच्या मते दलालीची कसोटी हीच. जी रक्कम विकणारा व घेणारा या दोघांसमोर मोठ्याने सांगता येते, ती दोन्ही बाजूंकडून घेतली तरी मोबदला ठरते. जी सांगताना जीभ अडखळते, ती परत करावयाची असते.

होय, परत करावयाची. जक्कयाने केवळ पश्चात्तापाचे शब्द उच्चारले नाहीत. फसवून घेतलेले चौपट फेडण्याचे वचन दिले. पापनिवेदनाने क्षमा मिळते, पण काकूचे पैसे काकूच्या घरी पोचवण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही. आणि विकणाऱ्या कुटुंबांनीही साठेखतावर सही करण्यापूर्वी मध्यस्थाला एक प्रश्न निःसंकोच विचारावा : 'बाबा, या व्यवहारात तुला कोणाकोणाकडून काय मिळते?' प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येणार नाही.